हलसूरच्या तलावावर मी दिलेली सूट

निपाणीला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय शंकरराव, बंगळूर कसं वाटलं?" मी सांगतो. हवा उत्तम. कॉफी उत्तम. लोक सभ्य. आणि त्या सभ्य लोकांनी माझ्यावर दिवसाढवळ्या अन्याय केला. एवढं ऐकलं की माणसं खुर्ची ओढून बसतात आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढतो. ज्यांनी बंगळूर पाहिलेलं नाही आणि शिडाच्या होडीत पाय ठेवलेला नाही, त्यांनी वाचावं आणि चूक कुणाची ते ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

मी ताडपत्रीचा धंदा करतो. तंबाखूच्या वखारीत पोती शिवण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या कारखान्याची ताडपत्री पुण्यापासून हुबळीपर्यंतच्या ट्रकांवर दिसते. यात कुणाची मेहेरबानी नाही. बंगळूरच्या एका सरकारी कचेरीत मी मालाचा नमुना दिला होता आणि तो पास होईपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचं ठरवलं होतं, कारण पाठ फिरवली की कचेरीतला माणूस नमुना विसरतो, हा माझा अनुभव आहे. उतरलो साडूकडे, मल्लेश्वरमला. मधुकरराव विमानाच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. माणूस हुशार, पण बोलताना समोरच्याला शाळेत बसवल्यासारखं बोलतो.

मल्लेश्वरम

या भागात रस्ते सरळ, झाडं मोठी आणि सकाळी प्रत्येक दारात रांगोळी. आमच्याकडे सणाला काढतात, इथे रोज. उपाहारगृहात दोसा मागितला तर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून त्यावर देतात आणि चटणी मागाल तितकी वाढतात, वर कपाळाला आठी नाही. हे मला फार आवडलं. न आवडलेली गोष्ट म्हणजे दुकानं. कापड बोटांत धरून ओढून बघितलं आणि भाव विचारला, की दुकानदार भाव सांगतो आणि गप्प बसतो. मी निम्मा सांगितला तर हसतो, "सरी," म्हणतो आणि थान गुंडाळून ठेवतो. अहो, "सरी" म्हणजे ठीक! ठीक म्हणायचं आणि माल द्यायचा नाही, ही कुठली रीत? मला कानडी मराठीइतकंच येतं, तरी या गप्प बसण्याला उत्तर सापडलं नाही.

एका रविवारी मधुकररावांनी मला हलसूरचा तलाव दाखवायला नेलं. शिवाजीनगरपर्यंत बस, पुढे चालत. एका काठाला धोबी कपडे आपटत होते, म्हशी नाकापर्यंत पाण्यात बसल्या होत्या, आणि मधोमध पाच-सहा पांढरी शिडं हलत होती. माझं लक्ष आधी कापडाकडे गेलं, मग वाऱ्याकडे, मग सुकाणू धरून बसलेल्या एका टकल्या गृहस्थाकडे. तो माझ्याच वयाचा होता.

"हे काय, मोठी माणसं शिकतात?" मी विचारलं.

"शिकतात ना. तीन वर्ग आहेत. तिसरा पास झालं की पास मिळतो, मग होडी आपली आपण न्यायची, पाहुण्यांना बसवायचं." मधुकरराव हसले. "तुम्ही नका नाद करू शंकरराव. वाऱ्याशी घासाघीस करता येत नाही. आणि आमच्या सासुरवाडीत तुमची कीर्ती आहेच."

ही कीर्ती काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या बायकोचं, इंदूचं, माहेर वेंगुर्ल्याचं. लग्नानंतर सासरची मंडळी खाडीपलीकडच्या देवाला जायला निघाली. मी घाटावरचा माणूस, तोवर विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. होडीत पाय ठेवला, ती डुलली आणि मी डोलकाठीला मिठी मारून ओरडलो, "मला उतरवा!" होडी तेव्हा धक्क्याला बांधलेलीच होती. वीस वर्षं झाली. माझा कारखाना झाला, घर झालं, पण वेंगुर्ल्यात मी अजून तोच. दर दिवाळीला इंदूचे भाऊ दोर हातात घेऊन विचारतात, "दाजी, सोडू काय?" आणि इंदूही हसते. तिचं हसणं मला जास्त लागतं.

धाकटी मेव्हणी कुसुम, म्हणजे मधुकररावांची बायको, हिला दिवस गेले होते. फाल्गुनात तिच्या डोहाळजेवणाला इंदू येणार होती. मी तलावाकडे बघत तिथल्या तिथे ठरवलं. इंदू आली की तिला या होडीत बसवायची आणि सुकाणू माझ्या हातात असेल.

घरी हे सांगितल्यावर मधुकरराव म्हणाले, "डोहाळजेवणाला पुठ्ठ्याची नाव करणारच आहोत. तुम्ही तीत बसा. ती बुडत नाही."

तलावाचा काठ

शिकवणारी बाई निघाली. मिस लोबो. छावणी भागात टायपिंगचा वर्ग चालवते, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी होड्या शिकवते. केस आखूड, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. माझ्याशी हिंदुस्थानीत बोलायची, चिडली की इंग्रजीत.

मी म्हटलं, "तिन्ही वर्ग एकदम घेतो. मला घाई आहे. काय सवलत देता?"

"तुमचा धंदा काय?"

"ताडपत्री."

"कापड कापायच्या आधी शिवता का?"

मी मनात नोंद केली.

पहिल्या दिवशी तिने काय शिकवलं असेल? बुडायला! पैसे भरून आलेल्या, घरंदाज, कर्त्यासवरत्या माणसांना होडीत बसवून तिने होडी मुद्दाम उलटी करायला लावली. माझ्याबरोबर होडीत जो गृहस्थ होता, त्याचं नाव रंगस्वामी. हिशेब तपासणीच्या कचेरीत अधिकारी. वरिष्ठाची संमती असल्याशिवाय शिंकणार नाही असा माणूस. तो चष्म्याला दोरी बांधून तयार होता आणि पाण्यात पडण्यापूर्वी मला म्हणाला, "सार, मे आय?" मी म्हटलं, "बुडायला कसली परवानगी मागता?" तेवढ्यात दोघेही पाण्यात. शेवाळ तोंडात गेलं. त्या पाण्याची चव मी इथे लिहीत नाही, काठावर म्हशी होत्या एवढं सांगतो. शीड पाण्यावर आडवं पडलेलं, आणि आम्ही होडीच्या पोटाखाली असलेल्या फळीवर उभे राहून, वाकून वाकून ती पुन्हा सरळ करायची. तिसऱ्या खेपेला जमलं. काठावर आलो तेव्हा मी इतका संतापलो होतो, की आपल्याला भीती वाटायला हवी होती हे लक्षातच राहिलं नाही. हे मात्र त्या बाईच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

त्याच दिवशी तिने एक रीत सांगितली. पाण्यावर पोलीस नाही, पंच नाही. दोन होड्या घासल्या तर ज्याची चूक त्याने स्वतः हात वर करायचा. कुणी बघितलेलं असो वा नसो.

"आणि नाही केला तर?" मी विचारलं.

"तर त्याच्या शेजारी कुणी चहाला बसत नाही," मिस लोबो म्हणाली.

अशाने धंदा कसा चालेल, हे मी मोठ्याने बोललो नाही.

दुसऱ्या वर्गात सुकाणू हातात आलं, आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की गोष्ट मजेची आहे. वारा समोरून येत असेल तर सरळ जाता येत नाही. आधी तिरपं एका अंगाला जायचं, मग वळून दुसऱ्या अंगाला, असं करत करत ज्या दिशेला वारा जाऊ देत नाही तिथेच पोचायचं. मी आयुष्यभर हेच तर केलं! गिऱ्हाइकाला सरळ भिडायचं नाही, अंगाअंगाने जायचं. बाकीचे गोंधळत होते तेव्हा मी तलावाच्या पूर्व टोकाला पोचून परत येत होतो. वळताना वरचा आडवा वासा एकदा डोक्यात बसला तेवढंच. कुसुमने हळद लावली आणि मधुकररावांनी वाश्याचं वजन विचारलं.

दुसऱ्या वर्गातच रस्त्याचा नियम आला. दोन होड्या एकमेकींच्या आड येत असतील तर जिच्या उजव्या अंगाला वारा आहे तिचा हक्क. दुसरीने तिच्या मागून जायचं. रंगस्वामींनी हा नियम घोकला. मी घोकला नाही. हक्क म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नव्हती.

परीक्षा

तिसऱ्या वर्गाची परीक्षा माघातल्या एका रविवारी होती. प्रत्येकाने एकट्याने होडी न्यायची, पाण्यात नांगरलेल्या तीन पिंपांना वळसा घालायचा आणि कुठेही न घासता परत यायचं. इंदूचं पत्र आलेलं होतं, पुढच्या आठवड्यात ती पोचणार होती. नमुनाही पास झाला होता, म्हणजे डोहाळजेवण आटोपलं की निपाणी. दुसरी संधी नव्हती.

सकाळी वारा स्वच्छ होता. पहिलं पिंप वळलो. दुसरं वळलो. तिसऱ्याकडे वाऱ्यावर चढत निघालो, वारा उजव्या अंगाला. डावीकडून रंगस्वामी येत होते. त्यांच्या डाव्या अंगाला वारा. म्हणजे हक्क माझा, शंभर टक्के माझा, आणि त्यांना माझ्या मागून जायचं होतं. मी ओरडलो, "रंगस्वामी! मागून!"

रंगस्वामींचा चेहरा मला दिसला. चष्मा घसरलेला, तोंड उघडं. "सार! प्लीज सार! स्वल्प..." स्वल्प म्हणजे जरासं. जरासं सरका, असं त्यांना म्हणायचं होतं असं मी समजलो, आणि दुसरं कुणीही हेच समजलं असतं.

आता बघा. बाजारात ज्याचा हात वर असतो तोच शेवटी दोन पावलं मागे येतो. सौदा माझा पक्का झाला, समोरचा घामाघूम झाला, की मी आपणहून थोडं सोडतो. त्याची लाज राहते, माणूस पुन्हा येतो. यालाच माणुसकी म्हणतात, असं मी समजत आलो. मी म्हटलं, बिचारा. जाऊ दे. मी सुकाणू ओढलं आणि त्यांच्या मागून जायला वळलो.

आणि त्याच क्षणी रंगस्वामी नियमाप्रमाणे माझ्या मागून जायला वळले.

दोघेही एकमेकांच्या मागून जायला निघालो, म्हणजे समोरासमोर आलो. आवाज असा झाला की काठावरच्या धोब्याने आपटायचं थांबवलं. माझ्या होडीचं नाक त्यांच्या होडीच्या कुशीत. रंगस्वामी आडवे. चष्मा दोरीला लोंबकळत होता.

होड्या शिकवणाऱ्या मंडळाच्या व्हरांड्यात चहा ठेवलेला होता. काकडीचे सँडविच म्हणून जे देतात ते मी आजतागायत खाण्यात धरलेलं नाही. मिस लोबोने विचारलं, "टक्कर झाली. चूक कुणाची?"

रंगस्वामींनी तत्काळ हात वर केला. मी खुर्चीला टेकून बसलो. न्याय झाला असं वाटलं.

"तुमची नाही, मिस्टर रंगस्वामी. हात खाली घ्या." तिने बशीतली दोन बिस्किटं टेबलावर ठेवली. "हे तुम्ही, हे मिस्टर शंकर. हक्क यांचा. तुम्ही थोडे उशिरा, पण वळलात. यांनी मात्र आपला रस्ता सोडला. मिस्टर शंकर, तुम्ही का वळलात?"

"सूट दिली!"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तो माणूस घाबरला होता! हक्क माझा ना? मग माझ्या हक्काचं मी काय वाटेल ते करीन. ठेवीन नाहीतर देऊन टाकीन!"

"नाही," ती म्हणाली. "ज्याचा हक्क त्याने हलायचं नाही. तुम्ही सरळ जाणार यावर दुसरा आपला रस्ता ठरवतो. तुम्ही हललात की त्याने कशावर विश्वास ठेवायचा?"

"मिस, मी जन्मात कुणाला न मागता काही सोडलेलं नाही! आज पहिल्यांदा सोडलं!"

"चुकीच्या जागी सोडलंत. मिस्टर रंगस्वामी पास. तुम्ही नोव्हेंबरात तिसरा वर्ग पुन्हा करा."

वाचकहो, ज्याने मला आडवं येऊन गयावया केली तो पास, आणि ज्याने दया केली तो नापास! मी माझं बिस्किट उचललं नाही. रंगस्वामींचं उचलून खाल्लं आणि चालू लागलो. शिवाजीनगरहून बसही घेतली नाही, इतका संताप होता.

रात्री जेवताना मधुकरराव फक्त म्हणाले, "पुठ्ठा आणलाय." मी ताटावरून उठलो.

इंदू

इंदू आली ती येतानाच विचारत आली, "होडी कधी दाखवणार?" मी पत्रात जरा सढळ हाताने लिहिलं होतं. सगळं सांगावं लागलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "तुम्ही वळलात?" एवढंच म्हणाली. "तुम्ही? पाण्यात, आपणहून, दुसऱ्यासाठी?" त्यात कौतुक होतं की चेष्टा हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

डोहाळजेवण झालं. कुसुम पुठ्ठ्याच्या नावेत बसली, छान दिसत होती, आणि नावेचं शीड माझ्या नमुन्याच्या कापडाचं होतं, कारण मधुकररावांनी लावलेला चुरगळलेला कागद मला बघवेना. बायका गाणी म्हणत होत्या, तेवढ्यात दारात रंगस्वामी. हातात फळांची पिशवी.

"सार, मला पास मिळालाय. पाहुणे नेता येतात. तुम्ही आणि मॅडम उद्या येता का? प्लीज सार. एकट्याने जायला मला धीर होत नाही."

मी नाही म्हणणार होतो. माझ्या जागी बसून हा मला फिरवणार! पण इंदू आतून येऊन उभी राहिली होती. "येतो म्हणा ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. काठावर मिस लोबो दुर्बीण घेऊन होतीच. इंदू पदर खोचून होडीत अशी चढली, जशी आपली माणसं ओसरीवर चढतात. मी पुढचं लहान शीड धरलं. रंगस्वामींनी सुकाणू धरलं, दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातली समई धरावी तसं. दोर सुटला. होडी डुलली. इंदूने माझ्याकडे बघितलं, मी डोलकाठीकडे बघितलंसुद्धा नाही.

तलावाच्या मध्याला आलो तेव्हा वारा उजव्या अंगाला होता आणि डावीकडून मोठी होडी वेगात येत होती. मंडळाचे कुणी जुने सभासद असावेत, टोपी, पाईप. रंगस्वामींच्या तोंडचं पाणी पळालं. "सार, ते फार सीनियर आहेत," ते कुजबुजले आणि सुकाणू ओढू लागले.

"हलू नका!"

"पण सार, स्वल्प..."

"स्वल्प नाही आणि बिल्प नाही! हक्क तुमचा आहे!" मी मागे झेपावलो आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवून सुकाणू जागच्या जागी दाबून धरलं. मोठी होडी वाढत वाढत आली. पाईपवाल्याच्या कोटाची बटणं दिसू लागली. इंदूने दोन्ही हातांनी काठ धरला, पण ओरडली नाही. अगदी शेवटी त्याने सुकाणू फिरवलं आणि आमच्या मागून, हातभर अंतरावरून, सळसळत निघून गेला. जाताना टोपीला हात लावला.

इंदू म्हणाली, "गो बाय माझे!" आणि हसायला लागली. हे हसणं दिवाळीतलं नव्हतं. ते मी ओळखतो. "भावांना सांगते," ती म्हणाली. "ते वळले असते."

काठावर आलो. मिस लोबो दुर्बीण खाली करून उभी होती. वर्गाबाहेर पास नसलेल्याने सुकाणूला हात लावायचा नाही, असा तिथला नियम आहे, आणि पाहुण्याने लावला तर पासवाल्याचा पास जातो. रंगस्वामींचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा हात वर येऊ लागला.

त्यांच्या आधी मी वर केला. "माझा हात होता. यांनी सांगितलं नव्हतं. मी जबरदस्तीने धरलं."

तिने माझ्याकडे बघितलं, रंगस्वामींकडे बघितलं, मग इंदूकडे. "मला इथून नीट दिसलं नाही," ती म्हणाली. गळ्यात एवढी मोठी दुर्बीण! "मिस्टर शंकर, नोव्हेंबरात या. वर्ग नको. नुसती परीक्षा द्या."

सवलत. मागितली नव्हती, आपणहून दिली. कुणीही शहाणा माणूस इथे आभार मानून निघाला असता.

"ऑगस्ट," मी म्हणालो.

"नोव्हेंबर."

"बरं, दसरा. दसरा धरा, माझं नको, तुमचं नको."

ती काहीच बोलली नाही. हसलीही नाही, रागावलीही नाही. कॅनव्हासचे बूट रोवून नुसती उभी राहिली, वारा केसांतून जात होता, आणि माझ्याकडे सरळ बघत होती. इंदूने माझी बाही ओढली.

अन्याय झाला तो झालाच, ते मी मागे घेत नाही. पण हक्क तिचा होता आणि ती हलणार नव्हती. मी मागून वळलो.